सायकलचं हेल्मेट ट्रकसाठी नाही, शेवाळासाठी आहे

सगळ्यात आधी एक विनंती. हा भाग तुम्ही सायकल चालवता चालवता ऐकत असाल तर कृपया बाजूला थांबा, इअरफोन काढा, घरी पोचा आणि मग ऐका. मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न माझ्या आवाजापेक्षा महत्त्वाचा आहे. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहून काढलेला भाग. बोलताना झालेली लांबण थोडी छाटली आहे, बाकी सगळं तसंच.

आजचा विषय आहे सायकलचं हेल्मेट. बाईकचं नाही, सायकलचं.

विषय घरातूनच आला. माझा भाचा आठवीत आहे. कुवारबावहून सायकलनं शाळेत जातो. वाढदिवसाला मी त्याला हेल्मेट दिलं, तर एका संध्याकाळी तीन प्रतिक्रिया मिळाल्या. भाचा म्हणाला, "मामा, मी काय रेस लावतो?" त्याची आजी, म्हणजे माझी आई, म्हणाली, "सायकलला कशाला रे हेल्मेट? आम्ही काय घालत होतो?" आणि शेजारचे काका गेटातून ओरडले, "काय रे, चंद्रावर चाललास की काय?"

चंद्राचं सोडून देऊ. पण पहिले दोन प्रश्न अगदी रास्त आहेत. हळू चालवणाऱ्याला हेल्मेट का लागावं? आणि इतकी वर्षं लोक विनाहेल्मेट फिरलेच ना? मी पेशानं सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण यातला मोठा भाग अकरावीच्या फिजिक्सचा आहे, आणि तेवढं आपल्या सगळ्यांना जमतं.

आपण नेमके पडतो कसे?

हेल्मेट म्हटलं की डोळ्यांसमोर ट्रक येतो. हायवे, हातखंबा, डंपर. आणि मग मन म्हणतं, ट्रकखाली आलो तर हेल्मेट काय करणार? बरोबर आहे. त्या मुद्द्यावर पुढे येतोच. पण आधी आपल्या रत्नागिरीत सायकलवाला रोजच्या रोज कसा पडतो ते बघू.

आपलं शहरच चढउताराचं. मारुती मंदिराकडून जयस्तंभ आणि तिथून खाली बाजारात जायचं म्हटलं तर पॅडल मारायची गरजच नाही. इकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलै आला की जांभ्याच्या गडग्याला, गटाराच्या कडेला आणि सावलीतल्या रस्त्याला शेवाळ धरतं. कापलेल्या डोंगरातून लाल माती वाहून वळणावर येऊन बसते. आरे-वारेचा उतार तर सगळ्यांना माहीत आहे: डाव्या-उजव्या वळणांचा रस्ता, बाजूला समुद्र, आणि नजर रस्त्यावर ठेवायची सोडून सगळीकडे. त्यात रात्री रस्त्यात बसलेली गुरं आणि अचानक पायाशी धावून येणारं कुत्रं.

आता या यादीत दुसरी गाडी कुठे आहे? कुठेच नाही. पुढचं चाक घसरलं, पुढचा ब्रेक जोरात दाबला गेला, ओढणी किंवा रेनकोटचं टोक चाकात अडकलं, की माणूस आडवा. सायकलवरचं पडणं बऱ्याचदा असं एकट्याचं असतं. ते पोलीस ठाण्यात नोंदलं जात नाही, पेपरात येत नाही. घरी येऊन "काही नाही, जरा पडलो" एवढंच सांगितलं जातं.

हळू चालवणाऱ्याचं गणित

आता भाच्याचा प्रश्न. "मी काय रेस लावतो?"

सायकलवर बसल्यावर तुमचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर किंवा त्याहून थोडं वर असतं. दीड मीटरवरून वस्तू खाली सोडली तर जमिनीवर आपटताना तिचा वेग किती असतो? ताशी सुमारे साडेएकोणीस किलोमीटर. हा वेग सायकलचा नाही, फक्त खाली पडण्याचा आहे. म्हणजे सिग्नलला एक पाय टेकवून उभे असताना तोल गेला आणि डोकं थेट खाली आलं, तरी ते ताशी वीसच्या आसपास वेगानं आपटू शकतं. आणि या सगळ्याला लागतो अर्ध्या सेकंदाहून जरासा जास्त वेळ. तेवढ्यात "अरे, पडतोय" हे कळून हात पुढे येईलच याची खात्री नाही.

गंमत बघा. सायकल हेल्मेटसाठी युरोपात जे मानक आहे, ईएन १०७८, त्यात सपाट पृष्ठभागावरच्या चाचणीचा वेग सेकंदाला ५.४२ मीटर आहे. किलोमीटरमध्ये काढा: ताशी साडेएकोणीस. दीड मीटरवरून पडल्यावर येतो तोच आकडा. म्हणजे हे हेल्मेट बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असतं ते डोक्याच्या उंचीवरून रस्त्यावर पडणारं डोकं. म्हणून मी म्हणतो, सायकलचं हेल्मेट ट्रकसाठी नाही, शेवाळासाठी आहे. हळू चालवणारा त्यातून सुटत नाही. उलट हेल्मेट सगळ्यात जास्त त्याच्याच कामाचं आहे.

दोन सेंटीमीटर करतात काय?

मार लागतो तो वेगामुळे नाही, वेग अचानक संपल्यामुळे. आंबेवाल्या घरातल्या कोणालाही हे माहीत आहे. हापूस झाडावरून झेल्यानं उतरवतात, पेटीत पेंढा घालतात. का? कारण जाळीत आणि पेंढ्यात आंबा थोडं अंतर जात जात थांबतो. कातळावर पडला तर जागीच थांबतो.

याचं एक सोपं सूत्र आहे. जितक्या उंचीवरून पडलात, त्याला जितक्या अंतरात थांबलात त्यानं भागा. जे उत्तर येईल तितक्या पट गुरुत्वाकर्षणाचा सरासरी झटका बसतो. समजा उघडं डोकं डांबरावर आपटलं आणि तीन मिलिमीटरमध्ये थांबलं. दीड मीटर भागिले तीन मिलिमीटर: ५०० पट. आता हेल्मेटच्या आतला फोम चेपत चेपत डोकं दोन सेंटीमीटरमध्ये थांबलं, तर दीड मीटर भागिले दोन सेंटीमीटर: ७५ पट. ही सरासरी झाली. प्रत्यक्षात झटक्याचं टोक याहून वर जातं, आणि ईएन १०७८ म्हणतं की ते टोक २५० पटीच्या पुढे जाता कामा नये. तीन मिलिमीटर हा आकडा मी उदाहरणासाठी धरला आहे, पण मुद्दा कळला असेल. पडणं तेच, उंची तीच, फक्त थांबायला थोडी जागा मिळाली.

ही जागा देतो कोण? थर्माकोल. हो, तोच. गणपतीच्या मखराचा, आणि मिरकरवाड्यात बर्फात मासळी भरायच्या खोक्यांचा. हेल्मेटमधला जास्त घट्ट असतो, पण जात तीच. बारीक मण्यांमध्ये हवा कोंडलेली असते, आपटल्यावर ते मणी कायमचे चेपतात आणि तुमच्या डोक्याकडे जाणारी ऊर्जा त्यात खर्च होते. वरचं गुळगुळीत प्लास्टिक ओरखडे झेलतं आणि डोकं रस्त्यावर अडकू न देता सरकू देतं. खरं काम आतला पांढरा थर करतो.

कायमचे चेपतात हे मात्र लक्षात ठेवा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी त्याचं काम झालेलं असतं. त्याला नमस्कार करा आणि नवीन घ्या.

आंबा आतून काळा पडतो

पडलेल्या आंब्याची दुसरी गोष्ट. तो बाहेरून छान दिसतो, साल कुठे फुटलेली नसते. चार दिवसांनी कापला की आत काळा. डोक्याचंही तसंच आहे. कवटीला तडा गेला नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. मेंदू मऊ आहे आणि तो द्रवात तरंगतो. डोकं झटक्यात थांबलं की मेंदू आतून कवटीवर आदळतो.

आणि आपण क्वचितच सरळ खाली पडतो. बहुतेक वेळा तिरके, घसरत पडतो, त्यामुळे डोक्याला पीळ बसतो. या पिळानं मेंदूतले तंतू ताणले जातात. यावर काम केलं हान्स फॉन होल्स्ट नावाच्या स्वीडिश न्यूरोसर्जननं, तिथल्या केटीएच विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर. त्यातून आलेल्या तंत्राला मिप्स म्हणतात. हेल्मेटच्या आत एक पातळ थर बसवतात, जो आपटताना थोडासा सरकतो आणि पिळाचा काही भाग स्वतःवर घेतो. परवडत असेल तर मिप्सवालं घ्या. नसेल परवडत तर त्याच्यासाठी थांबू नका, साधं प्रमाणित हेल्मेटही उघड्या डोक्यापेक्षा कितीतरी बरं.

हेल्मेट काय करू शकत नाही

२८ फेब्रुवारी २०२४ ला पहाटे नवी मुंबईत नेरूळजवळ पाम बीच रोडवर अवतार सैनी यांना मागून आलेल्या कॅबनं उडवलं. आमच्या क्षेत्रातल्यांना हे नाव माहीत असेल. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता, पुढे ते इंटेल इंडियाचे प्रमुख होते. वय ६८, सायकलिंगची आवड, सोबतच्या मंडळींबरोबर रोजच्यासारखे निघाले होते. ते गेले.

अशा अपघातावर "हेल्मेट घाला" हे उत्तर देणं मला पटत नाही. मागून येणाऱ्या मोटारीच्या वेगापुढे दोन सेंटीमीटर फोमचं काही चालत नाही. तिथं उत्तर आहे गाडीवाल्याचा वेग, रस्त्याची रचना, सायकलसाठी वेगळी जागा. सगळा भार सायकलवाल्याच्या डोक्यावर टाकून बाकीच्यांनी मोकळं व्हायचं, असं होता कामा नये.

आमच्या भाषेत सांगायचं तर हेल्मेट म्हणजे बॅकअप. बॅकअप घेतल्यानं हार्ड डिस्क खराब व्हायची थांबत नाही. आणि ऑफिसला आग लागली तर टेबलावरचा पेन ड्राईव्हही जळतो. म्हणून कोणी बॅकअप घ्यायचं सोडतं का? जिथं तो उपयोगी पडतो, तिथं दुसरं काहीच उपयोगी पडत नाही.

आकडे काय सांगतात?

२०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी जगभरातले ४० अभ्यास एकत्र करून बघितले. त्यात जखमी झालेल्या ६४ हजारांहून जास्त सायकलस्वारांची माहिती होती. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याला दुखापत होण्याची शक्यता जवळपास निम्मी आढळली. गंभीर दुखापतीची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी, चेहऱ्याच्या दुखापतीची साधारण एक तृतीयांशानं कमी. आणि हेल्मेटमुळे मान मोडते ही जी भीती घातली जाते, तसा संबंध त्यांना सापडला नाही.

आता कोणीतरी म्हणेल, नेदरलँड्समध्ये तर अख्खा देश सायकल चालवतो आणि बहुतेक जण हेल्मेट घालत नाहीत. खरं आहे. पण तिथं सायकलला स्वतःचा रस्ता आहे आणि गाव सपाट आहे. तसा रस्ता आपल्याकडे झाला तर मीही हा भाग नव्यानं रेकॉर्ड करीन. दुसरं टोक ऑस्ट्रेलियाचं. व्हिक्टोरिया राज्यानं १९९० मध्ये सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं, जगात पहिल्यांदा. तेव्हापासून वाद चालू आहे की सक्तीमुळे लोक सायकल चालवायचंच सोडतात का. म्हणून मी सक्तीची बाजू मांडत नाही. मी तुमच्याशी बोलतोय, सरकारशी नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तरही इथंच येतं. "आम्ही काय घालत होतो?" हेच जगातले सगळ्यात मोठे सायकलपटूही म्हणायचे. १९९१ मध्ये सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, यूसीआयनं, शर्यतीत हेल्मेट सक्तीचं करायचा प्रयत्न केला, तर खेळाडूंनी विरोध करून तो हाणून पाडला. मार्च २००३ मध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह इतर स्पर्धकांशी धडकून पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याच वर्षी हेल्मेट सक्तीचं झालं. आपल्याकडे बीआरएम राइड करणाऱ्यांना, म्हणजे साडेतेरा तासांत २०० किलोमीटर वगैरे, हेल्मेटशिवाय सुरुवातच करू देत नाहीत. यातला किविलेव्ह गाडीनं नाही, पडण्यानं गेला. आणि तो जगातल्या सर्वांत कसलेल्या चालवणाऱ्यांपैकी होता.

कायदा मध्ये पडणार नाही

मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ बाईक आणि स्कूटरसाठी आहे. साधी सायकल मोटार वाहनात मोडत नाही, त्यामुळे नाक्यावर कोणी अडवणार नाही, पावती फाडणार नाही. २५० वॉटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असलेली ई-सायकलही मोटार वाहन धरली जात नाही. लायसन्स नको, नंबर प्लेट नको, म्हणून मुलांना सर्रास घेऊन देतात. पण आपण मघाशी जे गणित केलं त्याला कायद्याची व्याख्या कळत नाही. इथं दंडाच्या भीतीनं कोणी हेल्मेट घालणार नाही. घरात ठरलं तरच घातलं जाईल.

घेताना आणि घालताना

पहिलं, आतलं लेबल बघा. ईएन १०७८ किंवा अमेरिकेचं सीपीएससी लिहिलेलं हवं. हजार-दोन हजारांत साधं पण प्रमाणित हेल्मेट मिळतं. भाजीवाल्यासारखी घासाघीस रंगावर करा, लेबलवर नको.

दुसरं, माप. शिलाईची टेप भुवयांच्या वर, डोक्याभोवती फिरवा आणि सेंटीमीटर लिहून घ्या. "मोठं घेऊ, वाढत्या अंगाचं" हे शाळेच्या शर्टाला ठीक आहे, हेल्मेटला नाही. ढिलं हेल्मेट आपटण्याच्या आधीच सरकतं.

तिसरं, बसवणं. हेल्मेट कपाळावर सपाट हवं, भुवयांच्या वर दोन बोटं. टोपीसारखं मागे ढकललेलं दिसायला भारी, पण कपाळ उघडं पडतं. कानाखाली दोन्ही पट्ट्यांचा इंग्रजी व्ही आकार व्हायला हवा. हनुवटीच्या पट्ट्यात एक-दोन बोटं जातील इतपतच घट्ट. मागची चकती फिरवून आवळा, मग पट्टा लावायच्या आधी मान जोरात हलवा. हेल्मेट जागचं हललं नाही तर बरोबर. केसांचा अंबाडा वर असेल तर हेल्मेट बसत नाही, वेणी किंवा पोनी खाली मानेवर घ्या.

चौथं, आपल्या हवेपुरतं. पावसाळ्यात आतल्या गाद्यांना बुरशी येते. त्या काढून साध्या साबणानं धुवा, सावलीत वाळवा. मे महिन्यात बंद गाडीत हेल्मेट ठेवू नका, उष्णतेनं फोम खराब होतो. पेट्रोल किंवा थिनरनं पुसू नका, तेही फोम खातं.

आणि अदलाबदल नको. सायकलचं हेल्मेट घालून स्कूटर चालवायची नाही. स्कूटरला आयएसआयवालंच लागतं, कारण वेग वेगळा, मार वेगळा. स्कूटरचं हेल्मेट सायकलवर घातलं तर डोकं वाचेल, पण इथल्या दमट हवेत चढावर दुसऱ्याच दिवशी तुम्ही ते खुंटीला टांगाल.

पडलाच कोणी तर

डोक्याला मार लागलेला माणूस उठून उभा राहिला, हसला, तरी त्याला एकटं घरी पाठवू नका. नंतरच्या काही तासांत उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळूपणा, गोंधळल्यासारखं बोलणं, एक हात-पाय कमजोर वाटणं, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यातलं काहीही दिसलं तर लगेच हॉस्पिटल. "झोपू दे, सकाळी बघू" हे नको. बेशुद्ध असेल तर मान हलवू नका आणि १०८ ला फोन करा. मदत केली तर पोलिसांच्या लफड्यात अडकू, ही भीतीही नको. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४-अ आलं, त्यात अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे.

आता राहिला तो चंद्र. खरं सांगू का, फिजिक्स समजावणं सोपं आहे, अवघड आहे ते काकांचं हसणं. आठवीतल्या मुलाला डोकं फुटण्यापेक्षा वर्गात हसं होण्याची भीती जास्त असते, आणि त्यात त्याची चूक नाही. यावर मला सापडलेला उपाय साधा आहे: त्याला एकट्याला घालायला लावू नका. भाच्याच्या बरोबर जाणारी आणखी दोन मुलं आहेत. त्यांच्या आयांशी माझी बहीण बोलली, आणि आता तिघंही घालतात. तिघांना मिळून कोणी हसत नाही, किंवा हसलं तर त्यांना फरक पडत नाही. सायकल ग्रुपवाल्यांनाही तेच सांगणं आहे. रविवारी गणपतीपुळ्याला जाताना तुम्ही घालताच. सोमवारी दूध आणायला जातानाही घाला. रस्त्यातल्या पोरांना ते रेसवाल्यांचं सामान न वाटता छत्रीसारखी साधी वस्तू वाटू दे.

तर या आठवड्याचं काम एवढंच: घरात जी कोणी सायकल चालवतात त्यांची डोकी मोजा. टेप लागेल आणि दोन मिनिटं. पुढच्या भागात सायकलच्या ब्रेकविषयी बोलू, कारण उतारावर पहिलं काम त्यांचं आहे. तोपर्यंत सांभाळून चालवा. भेटूच!